जत्रेचे दारूकाम आणि घरची ट्रॉली



गेल्या खेपेला हरभऱ्याच्या बीजप्रक्रियेविषयी लिहिले होते. या वेळचा विषय पिकाचा नाही, पण शेतकऱ्याच्या दारातला आहे. दिवाळी तोंडावर आली आहे. सोयाबीन निघाले, कापसाची पहिली वेचणी घरात येऊन पडली. दिवाळी सरली की गावोगावच्या जत्रा आणि उरूस सुरू होतात, ते थेट वैशाखापर्यंत. घरातल्या पोरांना फटाके हवेत आणि देवाच्या पालखीपुढे दारूकाम हवे. हा माल तालुक्याच्या गावाहून आणायचा कशातून? बहुतेक ठिकाणी उत्तर एकच असते. घरची मोटारसायकल, नाहीतर घरची ट्रॉली.

एका भगिनीचे याच विषयावर पत्र आले आहे. नाव-गाव छापू नका अशी त्यांची विनंती आहे. त्या लिहितात :

“भाऊसाहेब, आमच्या गावच्या जत्रेला दरसाल दारूकाम असते. यंदा पंचांनी ठरवले, की माल आपणच तालुक्याहून आणायचा, म्हणजे भाडे वाचेल. ट्रॅक्टर आमचा आणि चालवणार आमचा थोरला. त्याचे वय वीस. सोबत आठ-दहा पोरे ट्रॉलीत बसून जाणार म्हणतात. येताना पेंडीची पोती आणि डिझेलचा कॅनही त्यातच आणायचा आहे. देवाचे काम म्हणून आमच्या मालकांना नाही म्हणवत नाही आणि मला रात्री झोप लागत नाही. काय करावे?”

ताई, तुमची काळजी अगदी रास्त आहे. तुम्ही सांगितलेल्या बेतात माणसे, इंधन आणि दारू एकाच ट्रॉलीत येतात. ही तीन एकत्र येऊ नयेत, एवढीच या सगळ्या नियमांची मुळातली गोष्ट आहे. ती नीट समजली की बाकीचे आपोआप उमगते, म्हणून आधी कारण सांगतो.

कडब्याची गंजी पेटली तर आपण काय करतो? पाणी मारतो, माती टाकतो, ओली पोती टाकतो. हवा तुटली की आग मरते. फटाक्याचे तसे नसते. फटाक्याच्या दारूत जळणारा पदार्थ असतो आणि त्याला प्राणवायू पुरवणारा पदार्थही त्यातच कालवलेला असतो. कोळसा, गंधक, अॅल्युमिनियमची भुकटी ही जळणारी. शोरा हा प्राणवायू पुरवणारा. बाहेरची हवा तोडली तरी ही आग आतल्या आत जळतच राहते. बंद पेटीत तर ती अधिक जोराने फुटते. म्हणून फटाक्यांची पेटी पेटल्यावर तिच्यावर ताडपत्री टाकून किंवा ओले पोते दाबून उपयोग होत नाही. दाबायला गेलेला माणूस मात्र भाजतो.

यातल्या दोन वस्तू आपल्या ओळखीच्या आहेत. द्राक्षाच्या बागेत भुरीसाठी धुरळतो ते गंधक. ठिबकमधून सोडतो ते तेरा-शून्य-पंचेचाळीस खत म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, म्हणजेच शोरा. खत म्हणून पोत्यात असताना ते आपणहून पेटत नाही. पण शेजारी आग लागली की तेच खत त्या आगीला प्राणवायू पुरवते. म्हणून फटाके कधीही खतांच्या किंवा औषधांच्या पोत्यांबरोबर आणू नयेत आणि त्या खोलीत ठेवूही नयेत. हे मी शेतीखात्याचा माणूस म्हणून मुद्दाम सांगतो. दिवाळीच्या सुमारास रब्बीची खते आणि फटाके एकाच खेपेत आणण्याचा मोह फार असतो.

आता दारू पेटते कशाने? ठिणगीने पेटते हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण नुसत्या घासण्याने आणि आदळण्यानेही ती पेटू शकते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. क्लोरेट आणि गंधक यांचे मिश्रण तर इतके नाजूक असते, की आपल्या देशात १९९२ पासून फटाक्यांत ते वापरायला बंदी आहे. चोरून आलेल्या परदेशी फटाक्यांत किंवा घरगुती बनावटीच्या बाँबमध्ये काय भरले आहे, हे विकणाराही सांगू शकत नाही. तसला माल हातातसुद्धा घेऊ नये, मग गाडीत घालणे दूरच.

आदळण्याचे उदाहरण सांगतो. २०२४ च्या दिवाळीत, ३१ ऑक्टोबर रोजी, आंध्र प्रदेशातल्या एलुरू गावी दोघे जण दुचाकीवरून गावठी बाँब नेत होते. त्यांना तिकडे कांदा बाँब म्हणतात. रस्त्यातल्या खड्ड्यात गाडी आदळली आणि पिशवी फुटली. एक जण जागच्या जागी गेला आणि आजूबाजूचे लोकही जखमी झाले. त्याआधी २०२१ च्या दिवाळीत, ४ नोव्हेंबरला, पुदुच्चेरीच्या हद्दीजवळ गावठी फटाके स्कूटरवरून नेणारा बाप आणि त्याचा लहान मुलगा असेच गेले. दोन्ही वेळा कोणी काडी ओढली नव्हती. आपल्याकडच्या पाणंदी आणि शेतरस्ते कसे आहेत, हे मी सांगायला नको.

दुसरी धोक्याची वेळ म्हणजे माल उतरवण्याची. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी बंगळूरजवळ अत्तिबेले येथे फटाक्यांच्या दुकानापुढे गाडीतून माल उतरवत असताना आग लागली आणि चौदा किंवा त्याहून अधिक माणसे दगावली. १२ फेब्रुवारी २०२४ रोजी केरळात तृप्पुणितुरा येथे मंदिराच्या उत्सवासाठी आणलेले दारूकाम गाडीतून उतरवताना स्फोट झाला. त्यात जीवितहानी झाली आणि भोवतालच्या कितीतरी घरांची पडझड झाली. गाडी सुखरूप गावात पोचली म्हणजे काम झाले, असे समजू नये.

आता कायद्याचे पाहू. फटाके हे कायद्याने स्फोटकांतच मोडतात. त्यांना १८८४ चा स्फोटके कायदा आणि २००८ चे स्फोटके नियम लागू आहेत. या कामाचे केंद्र सरकारचे मुख्य कार्यालय आपल्या नागपुरातच आहे. नियम मोडून फटाके बाळगणे, विकणे किंवा वाहून नेणे हा गुन्हा असून त्याला कैद किंवा दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. जत्रेतल्या सार्वजनिक दारूकामाला परवानगी लागते. ती जिल्हाधिकारी कचेरीतून मिळते आणि अर्ज आधी काही आठवडे करावा लागतो.

धोकादायक माल वाहणाऱ्या मालगाडीसाठी १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत वेगळी कलमे आहेत. अशा गाडीच्या ड्रायव्हरला खास शिक्षण घ्यावे लागते आणि लायसन्सवर तशी नोंद करून घ्यावी लागते. गाडीवर धोक्याचे चौकोनी चिन्ह लावावे लागते, कोणता माल आहे आणि अडचणीत कोणाला कळवायचे हे लिहावे लागते. शेतीकामासाठी नोंदलेल्या घरच्या ट्रॉलीकडे यातले काहीच नसते. ट्रॉलीत माणसे बसवणे तर कोणत्याही मालाबरोबर बेकायदाच आहे. काही बरेवाईट झाले तर विम्याची कंपनी हात वर करील. पोलिसांच्या कागदावर पंचांचे नाव येण्याआधी ट्रॅक्टरच्या मालकाचे आणि चालवणाऱ्या पोराचे नाव येईल. ताई, ही गोष्ट मालकांना शांतपणे सांगा.

मग जत्रेचे दारूकाम आणायचे कसे? सरळ उपाय आहे. ज्याच्याकडे परवाना आहे अशा दारूकामवाल्याशी बोलणी करताना माल मैदानावर पोचवून देण्याची जबाबदारी त्याचीच, असे कागदावर लिहून घ्यावे. आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरखेड्याला फटाक्यांचे कारखाने आहेत आणि तमिळनाडूतल्या शिवकाशीहून तर देशभर माल जातो. या धंद्यातल्या माणसांना गाडी, कागदपत्रे आणि बांधणी यांची माहिती असते. भाडे थोडे जास्त पडेल. ते वर्गणीत घालावे. देवाच्या कामात चार दोन रुपये जास्त गेले तर कोणी बोलत नाही, पण गावातले एक पोर गेले तर पुढे कित्येक वर्षे त्या जत्रेला रंग राहत नाही.

आता अवघड प्रश्न उरतो तो पंचांना नाही म्हणण्याचा. गावात राहायचे आहे, सोयरीक आहे, पाण्याची पाळी आहे. तोंडावर नाही म्हटले की मने दुखावतात. तेव्हा नाही म्हणताना दुसरे काम अंगावर घ्यावे. मालकांनी पंचांना असे सांगावे, की दारू आणायला ट्रॅक्टर मिळणार नाही, पण जत्रेच्या रात्री आमचा ट्रॅक्टर पाण्याचा टँकर भरून मैदानाच्या कडेला उभा राहील, डिझेल आमचे. थोरल्याला त्या टँकरवर बसवावे. पालखीपुढे ठिणग्या उडत असताना आणि भोवती कडब्याच्या गंजी असताना भरलेल्या टँकरइतकी मोठी सेवा दुसरी नाही. घरचा मानही राहतो आणि पोरगाही हिरमुसत नाही.

एवढे झाले जत्रेचे. आता दिवाळीसाठी घरापुरते फटाके आणणाऱ्यांनी पुढील गोष्टी ध्यानात धराव्यात.

(१) माल परवाना असलेल्या दुकानातूनच घ्यावा आणि पावती मागून घ्यावी. पेटीवर कारखान्याचे नाव व वजन छापलेले असावे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली घालून दिलेल्या बंधनांप्रमाणे बेरियमचे फटाके आणि लांबलचक माळा यांवर बंदी आहे. हिरव्या फटाक्यांच्या पेटीवर नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेची खूण असते, ती पाहावी. जो माल विकणेच बेकायदा, तो वाहून नेणेही अडचणीचे.

(२) लागेल तेवढेच घ्यावे आणि जवळच्या बाजारच्या गावाहून घ्यावे. शेजारपाजारच्या दहा घरांचा माल एकाने आणण्याचा उपकार करू नये. दहा पिशव्या एका गाडीत आल्या की ती दहापट मोठी जोखीम होते.

(३) एस. टी.त, वडापच्या जीपमध्ये किंवा रेल्वेत फटाके कधीही नेऊ नयेत. पिशवीत कपड्यांखाली लपवून तर मुळीच नाही. रेल्वेत असा माल नेणाऱ्याला १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १६४ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पुण्या-मुंबईहून दिवाळीला गावी येणाऱ्या लेकरांना हे आधीच फोन करून सांगावे. पोस्टाने पार्सलही चालत नाही.

(४) स्वतःच्या चारचाकीतून आणायचे तर मूळ पेटीतच, कोरड्या खोक्यात घट्ट बसवून, माणसांपासून दूर मागच्या डिकीत ठेवावेत. सुटे फटाके पोत्यात भरू नयेत. पेटीवर जड वस्तू ठेवू नये. डिकीत पेट्रोल, डिझेल, रॉकेल, गॅसची टाकी, फवारणीची औषधे, रंग किंवा बॅटरी असता कामा नये.

(५) मोटारसायकलवरून बाँब आणूच नयेत. फुलबाज्या, भुईनळे असे थोडे काही मूळ पेटीत असेल तर ते पाठीवरच्या पिशवीत किंवा पेट्रोलच्या टाकीवर न ठेवता मागे नीट बांधावे. पिशवी सायलेन्सरपाशी लोंबू देऊ नये. त्या फेरीला पोराला गाडीवर घेऊ नये.

(६) गाडीत विडी-सिगारेट कोणी ओढायची नाही. काडेपेटी व लायटर खिशातसुद्धा ठेवू नये. वाटेत चहाला, सोयऱ्याकडे, पेट्रोल पंपावर थांबू नये. पेट्रोल जातानाच भरून घ्यावे. गाडी उन्हात उभी करून बाजारात फिरायला जाऊ नये. दुपारच्या उन्हात बंद गाडी आणि पत्र्याची ट्रॉली किती तापते, हे हात लावून पाहिले की कळते.

(७) विहिरीच्या सुरुंगाचे सामान, म्हणजे जिलेटिनच्या कांड्या आणि टोप्या, हा वेगळाच प्रकार आहे. ते आणणे-नेणे हे परवानाधारक माणसाचेच काम. ते सामान आणि फटाके एका गाडीत तर नाहीच, एका छपराखालीही नकोत.

घरी आल्यावर माल दिवसाउजेडी उतरवावा. पेट्या ओढू नयेत, फेकू नयेत, एकाने दुसऱ्याच्या हातात द्याव्यात. उतरवताना बघ्यांची आणि पोरांची गर्दी हटवावी. अंधार पडलाच तर कंदील किंवा चिमणी न आणता बॅटरीच वापरावी. पेटी फुटून दारू सांडली असेल तर ती झाडूने खरवडू नये. पाणी शिंपडून भिजवावी आणि मग ओल्या फडक्याने उचलावी. कापसाची खोली, स्वयंपाकघर, देवघर, खतांची खोली, गोठ्याचा माळा यांपैकी कोठेही फटाके ठेवू नयेत. कोरड्या, कुलूपबंद जागी, पोरांच्या हाती लागणार नाहीत असे ठेवावेत. वाटेत पावसात भिजलेले फटाके चुलीपाशी किंवा उन्हात वाळवत ठेवणे अत्यंत घातक आहे. ते बादलीभर पाण्यात रात्रभर बुडवून निकामी करावेत. न उडालेले बाँबही तसेच बुडवावेत. सकाळी ते गोळा करून पुन्हा दारू काढणाऱ्या पोरांचे हात आणि डोळे जातात. घरातल्या वडीलधाऱ्यांनी पाडव्याच्या सकाळी अंगणावर नजर ठेवावी.

वाटेत गाडीनेच पेट घेतला तर काय करायचे, हेही निघण्याआधी ठरलेले असावे. टायर किंवा इंजिन पेटले आहे आणि आग मालापर्यंत पोचलेली नाही, तोवर पाणी, वाळू किंवा अग्निशामक नळकांडे वापरून ती विझवता येते. पण आग फटाक्यांना लागली असे दिसताच सगळे सोडून द्यावे. माल वाचवायला जाऊ नये, गाडीचा दरवाजा उघडू नये. वाऱ्याच्या उलट अंगाला जितके लांब पळता येईल तितके पळावे आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना दोन्ही बाजूंनी अडवावे. मोबाइलवर चित्र घ्यायला थांबणाऱ्यांना दटावून मागे न्यावे. ११२ किंवा १०१ वर फोन करून गाडीत फटाके आहेत हे पहिल्याच वाक्यात सांगावे, म्हणजे येणारी माणसे त्या तयारीने येतील. गाडी घरांपासून, शाळेपासून, कडब्यापासून दूर मोकळ्या जागी थांबवण्याइतका वेळ मिळाला तर उत्तमच, पण त्यासाठी पेटलेली गाडी चालवत राहू नये.

कोणी भाजलेच तर जखमेवर पाण्याची साधी धार निदान वीस मिनिटे धरावी. बर्फ, तूप, हळद, टूथपेस्ट, शाई यांतले काही लावू नये. चिकटलेला कपडा ओढून काढू नये. स्वच्छ सुती कापड सैलसर झाकावे आणि १०८ ची गाडी बोलवावी. डोळ्याला इजा झाली असेल तर डोळा चोळू नये, लगेच डॉक्टरकडे न्यावे.

ताईंना आणखी एक सुचवावेसे वाटते. हा अंक महिला बचत गटाच्या बैठकीत वाचून दाखवा. ज्या पोरांना ट्रॉलीत बसून जायचे आहे, त्यांच्या आया त्या बैठकीत असतील. एका बाईचे बोलणे पंच कदाचित कानाआड करतील, दहा आयांचे करणार नाहीत. ग्रामसभेत ठराव घेता आला तर फारच चांगले. त्यात तीन गोष्टी असाव्यात : दारूकाम परवानाधारकानेच आणायचे, ते ठेवण्याची जागा वस्तीबाहेर ठरवायची आणि मैदानावर पाण्याचा टँकर व चार जाणती माणसे नेमायची. ठरावाची एक प्रत पोलीस पाटलांकडे द्यावी.

आपल्या गावाने जत्रेच्या वेळी अशी काही व्यवस्था बसवली असेल तर ती कशी बसवली, खर्च कसा वाटून घेतला, हे जरूर लिहून कळवा. इतर गावांना तिचा उपयोग होईल.

पुढच्या अंकी रब्बी ज्वारीतल्या खोडमाशीविषयी पाहू. ज्यांची पेरणी उशिरा झाली आहे, त्यांनी रोपांचे पोंगे वाळतात का, यावर तोवर लक्ष ठेवावे. सर्वांना दिवाळी सुखाची जावो.